पुण्यात पानांच्या शोभेची बहुवर्षायू झाडं: कुठल्या बाजूला काय, माती, पाणी आणि पावसाळ्यातली सड

अंगणवेल | ११ मे, सकाळी ७:४०

सहकारनगरच्या बैठ्या घराभोवतीचं लॉन काढून टाकलं आहे. पाणी फार लागायचं आणि सावलीत ते टिकतही नव्हतं. आता फुलांच्या मागे न लागता पानांच्या रंगावर बाग उभी करायची आहे. एकदा लावली की चार-पाच वर्षं राहतील अशी झाडं हवीत. जागा अशा आहेत:

उत्तरेला घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये २० फूट लांब, ३ फूट रुंद पट्टा. घर साधारण २० फूट उंच.
पश्चिमेला कंपाउंडच्या भिंतीलगत १२ बाय ४ फूट. दुपारी एकनंतर सूर्य मावळेपर्यंत ऊन.
पूर्वेला पोर्च, तिथे फक्त कुंड्या.

माती काळी, चिकट. वरच्या फूटभर थरात बांधकामाचा राडारोडा आहे. पाणी मनपाचं, कमी पडलं की बोअरचं. कुठल्या बाजूला काय लावू, आणि लागवड आत्ता करू की पाऊस पडल्यावर?

खुरपं | ११ मे, सकाळी ९:०५

लागवड पावसानंतर. मृगाचा पहिला पाऊस आला म्हणून लगेच घाई करू नका. त्यानंतर बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांची उघडीप पडते आणि नवं रोप त्यात होरपळतं. आर्द्रा लागल्या की, म्हणजे २२ जूनच्या सुमाराला, लावा. आत्ताचे सहा आठवडे मातीचं काम करायला लागतील.

उन्हाचं आधी सांगतो, कारण पानांच्या झाडांत निम्म्या चुका तिथेच होतात. उत्तरेची बाजू म्हणजे बारमाही सावली, असं आपण धरून चालतो. पुण्यात तसं नाही. आपण साधारण १८.५ अंश उत्तरेला आहोत. १३ मेच्या आसपास सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो. तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारीही तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे तुमच्या ३ फुटी पट्ट्यावर वर्षातलं सगळ्यात कडक ऊन नेमकं मेच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत पडतं. परवा साडेबाराच्या सुमाराला तिथे उभी काठी रोवून बघा, सावली जवळजवळ नाहीशी होईल. सावलीतली झाडं दरवर्षी याच तीन-चार आठवड्यांत करपतात आणि दोष पाण्याला लागतो. तेवढ्या काळापुरती ५० टक्क्यांची हिरवी जाळी आठ फुटांवर ताणायची सोय आधीच करून ठेवा. भिंतीत चार हूक पुरतात.

डिसेंबरमध्ये उलट. तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो. दहा फूट उंच छताच्या दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन नऊ फूट आत येतं. मेमध्ये तीच गॅलरी गडद सावलीत असते. तिथे कुंड्या वर्षातून दोनदा हलवाव्याच लागतात.

पश्चिमेची जागा वेगळीच. तिथे उन्हाइतकाच त्रास तापलेल्या भिंतीचा. रात्री नऊपर्यंत ती भिंत उष्णता फेकत राहते. भिंतीपासून फूटभर जागा सोडून लावा.

माती_पाणी | ११ मे, दुपारी १:३०

राडारोडा नुसता वरवर वेचून चालणार नाही. सिमेंट आणि प्लास्टरचा चुना मातीत उतरतो आणि आपली काळी माती मुळातच चुनखडीची. सामू (पीएच) वाढला की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, असं दिसलं की कारण हेच. दीड फूट खोल खणा, वरचा फूटभर थर काढून टाका आणि तिथे लाल किंवा पोयट्याची माती भरा.

भरण्याआधी निचरा तपासा. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा पाण्याने भरून जिरू द्या. दुसऱ्यांदा भरा आणि पट्टी लावून पाहा. तासाला इंचभरही पाणी उतरत नसेल तर त्या जागी खोलगट वाफा करायचा नाही. विटा लावून सहा ते आठ इंच उंच वाफा करा. मातीची पातळी घराच्या जोत्याच्या खाली राहिली पाहिजे, नाहीतर ओल भिंतीत चढेल.

काळी माती मोकळी करायला वाळू मिसळू नका. थोड्या वाळूने ती मोकळी होत नाही, वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. माती मोकळी होते ती कुजलेल्या सेंद्रिय खताने. ६० चौरस फुटांवर दोन इंचांचा थर म्हणजे १० घनफूट, १५ लिटरच्या साधारण १९ बादल्या. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं: हातात घेतलं तर ऊब नाही, वास मातीचा. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी (मातीतली पांढरी अळी) येते आणि मुळं खाते. त्यावर वाफ्यासाठी पाच-सहा किलो निंबोळी पेंड, सगळं वरच्या आठ-नऊ इंचांत कालवा. एकदा पाणी देऊन पंधरा दिवस तसंच ठेवा. माती बसते, तण उगवतं, ते उपटून मग लागवड.

गच्चीवाली | ११ मे, रात्री ९:१५

पोर्चमधल्या कुंड्यांसाठी मिश्रण: पोयट्याची माती ४ भाग, गांडूळखत ३, कोकोपीट २, भाताचं तूस १. कोकोपीट दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यातले क्षार निघून जातात. तळाशी दोन इंच खडी घाला म्हणजे निचरा चांगला होतो.

माती_पाणी | ११ मे, रात्री १०:०२

मिश्रण उत्तम. खडीबद्दल मात्र असहमत. बारीक मातीखाली जाड खडी असली की पाणी माती पूर्ण भरेपर्यंत खाली उतरत नाही. कुंडीच्या तळाला जो चिखलाचा थर असायचा, तो खडीमुळे दोन इंच वर सरकतो, मुळांच्या जवळ येतो. स्पंज भिजवून आडवा धरा, गळायचा थांबला की उभा करा. आणखी पाणी गळतं, कारण उंची वाढली. कुंडीतही तेच. मातीचा थर जितका उंच, तितका वरचा भाग कोरडा. छिद्रावर एक खापरी उपडी ठेवा, माती वाहून जात नाही, तेवढं पुरे. कुंडी जमिनीपासून अर्धा इंच उचलून ठेवा, छिद्र फरशीला चिकटलं तर पाणी जाणार कुठून?

खुरपं | १२ मे, सकाळी ८:२०

आता झाडं.

पश्चिमेच्या वाफ्यात मागे क्रोटन, अडीच फुटांवर एक. पुढे पिवळ्या पट्ट्यांची कर्दळ दीड फुटावर. मग जांभळी सेटक्रेसिया आणि ऱ्हिओ एकेक फुटावर. कडेला अल्टरनांथेरा सहा इंचांवर, महिन्यातून एकदा कातरलं की गालिच्यासारखं बसतं. या सगळ्यांचा रंग उन्हानेच येतो. क्रोटनला चार-पाच तास थेट ऊन नसेल तर नवी पानं हिरवी येतात, सेटक्रेसिया सावलीत हिरवट होऊन लोंबते. रंग गेला म्हणून खत वाढवू नका. जास्त नत्राने पान आणखी हिरवं होतं.

उत्तरेला मागे फिलोडेंड्रॉन झानाडू तीन फुटांवर, मध्ये ॲग्लोनेमा फुटाला एक, नेफ्रोलेपिस नेचा दीड फुटावर, कडेला स्पायडर प्लांट किंवा मोंडो ग्रास. पट्ट्याच्या पूर्वेच्या टोकाला सकाळचं ऊन येत असेल तर तिथे पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचं अल्पिनिया एकच लावा. दोन वर्षांत चार फूट जागा घेतं, म्हणून शेजारी काही नको. लाल कॉर्डिलाइन याच टोकाला, पूर्ण सावलीत त्याची लाली उतरते.

एकेक जातीचं एकेक झाड लावून प्रदर्शन मांडू नका. तीन-पाचच्या पुंजक्यात लावा. पानांची बाग दुरून पाहिली जाते. २० फुटांत चार-पाच जाती भरपूर.

सावली | १२ मे, सकाळी ११:४५

नर्सरीतून आणलेल्या क्रोटनची पानं आठवड्यात गळतात, हे प्रत्येक वेळी का होतं? खत कमी पडतं का?

खुरपं | १२ मे, दुपारी ३:१०

खताचा संबंध नाही. उरुळी कांचन, मांजरीकडच्या नर्सऱ्यांत रोपं जाळीखाली, दाटीत, ओलसर हवेत वाढलेली असतात. तिथून एकदम पश्चिमेच्या भिंतीला नेलं की पान बाष्प धरून ठेवू शकत नाही आणि झाड पानं टाकून देतं. आणल्यावर आठवडाभर सकाळचंच ऊन, मग दर तीन-चार दिवसांनी तासभर वाढवत न्या. तीन आठवडे लागतात. तोवर कुंडी बदलू नका. पानं गळलीच तर खोडावर नखाने ओरखडा काढा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पाणी निम्म्यावर आणा, महिन्याभरात फूट येते. पानं नसताना रोज पाणी घातलं तर मात्र मुळं कुजतात आणि मग खरोखर मरतं.

घेताना रोप पिशवीतून जरा वर उचलून बघा. बऱ्याचदा मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच नव्या मातीत पुरला तर मुळं बाहेर येत नाहीत, वाफा ओला आणि गोळा कोरडा. लावताना बाहेरचा थर पाण्यात हलक्या हाताने सैल करा. मूळ तोडू नका.

अंगणवेल | १२ मे, रात्री ८:३०

खूप उपयोगी, धन्यवाद. पोर्चमध्ये कॅलाथिया आणि कॅलेडियम हवे आहेत. कॅलाथियाच्या पानांच्या कडा उन्हाळ्यात करपतात असं दिसतं. बोअरच्या पाण्याने होतं का?

गच्चीवाली | १२ मे, रात्री ९:५०

हो, पाणी आणि कोरडी हवा दोन्ही मिळून. क्षार पाण्याबरोबर पानाच्या कडेपर्यंत जातात, पाणी उडून जातं, क्षार तिथेच साचतात. कुंडीच्या बाहेर पांढरा थर दिसला की समजा. बोअरचं पाणी क्रोटन, कर्दळ, सेटक्रेसियाला चालतं. कॅलाथिया, मरांटा, नेच्यांना मनपाचं किंवा साठवलेलं पावसाचं द्या. आरओचं बाहेर टाकलं जाणारं पाणी अजिबात नको, त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. एसीच्या नळीचं पाणी मात्र चांगलं, जवळजवळ क्षारमुक्त असतं. त्यात अन्नद्रव्यं नसतात, खत वेगळं द्यावं लागेल.

दोन महिन्यांनी एकदा कुंडी धुवा: कुंडीच्या आकाराच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्या. ताटलीत साचलेलं पाणी टाकून द्या, नाहीतर तेच क्षार परत वर चढतात.

पानांवर फवारा मारून ओलावा अर्धा तासही टिकत नाही. त्यापेक्षा पाच-सहा कुंड्या एकत्र दाटीने ठेवा, खाली ओल्या खडीचा ट्रे ठेवा, आणि पश्चिमेचा झळीचा वारा अडवा. मार्च ते मे नवी पानं गुंडाळलेलीच राहत असतील तर तो कोरड्या हवेचा परिणाम, पाणी वाढवून सुटत नाही.

कॅलेडियमचं वेगळं. ते कंदाचं झाड. नोव्हेंबरात पानं पिवळी पडून लोळतात, अनेकांना झाड मेलं असं वाटतं. पाणी कमी करत न्या आणि डिसेंबरात पूर्ण बंद. कुंडी तशीच आडोशाला, कोरडी ठेवा. पुण्यात थंडीत पहाटेचं तापमान १० अंशांखाली जातं, ओल्या मातीत कंद हमखास सडतो. होळीनंतर उकाडा सुरू झाला की कंद काढून तपासा. मऊ भाग कापून कापलेल्या जागी राख किंवा गंधकाची पूड लावा. डोळा वर ठेवून दोन इंच खोल लावा. मधला मोठा डोळा सुरीच्या टोकाने खरवडला तर बाजूचे डोळे फुटतात, पानं लहान पण संख्येने जास्त येतात.

हिरवा_कोपरा | १३ मे, सकाळी ७:५५

खत: लागवडीच्या खड्ड्यात मूठभर सिंगल सुपर फॉस्फेट, मग दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम. स्नेक प्लांट वाढवायचं असेल तर पान तीन-तीन इंचांचं कापून लावा, एका पानातून चार रोपं.

माती_पाणी | १३ मे, सकाळी ९:३०

दोन दुरुस्त्या. सुपर फॉस्फेटमध्ये फ्लोराइडचा अंश असतो. ड्रासिना, कॉर्डिलाइन, स्पायडर प्लांट, कॅलाथिया यांना तो सोसत नाही, पानांची टोकं तपकिरी होतात. या झाडांना स्फुरद (फॉस्फरस) शेणखतातून मिळतं तेवढं पुरतं. १९:१९:१९ जुलै ते ऑक्टोबर ठीक, कुंडीसाठी लिटरला १ ग्रॅम पुरे. कोरड्या मातीवर कधीच नाही, आधी साधं पाणी. एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारीत बंद.

पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट पानाच्या तुकड्यातून लावला तर रोप साधं हिरवं निघतं. पिवळा काठ वेगळ्या पेशींच्या थराचा असतो आणि नवी फूट आतल्या हिरव्या पेशींतून येते. काठ हवा असेल तर गड्डा विभागूनच लावावा लागतो. साध्या जातीला पानाची पद्धत चालते. वरची-खालची बाजू उलटी लावली तर मात्र मूळ येत नाही, म्हणून खालच्या टोकाला तिरका काप देऊन खूण करा.

पट्टेदार झाडात एखादी फांदी पूर्ण हिरवी आली तर ती मुळापासून काढा. हिरव्यात हरितद्रव्य जास्त, ती जोमाने वाढते आणि दोन-तीन हंगामांत पट्टेदार भाग दाबून टाकते.

सावली | १३ मे, दुपारी १२:४०

क्रोटन फांदीपासून लावता येतं का?

खुरपं | १३ मे, दुपारी ४:००

येतं, पण गुटी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणणं, जास्त खात्रीची. जुलैत पेन्सिलच्या जाडीची फांदी निवडा. शेंड्यापासून फूटभर खाली इंचभर साल गोल काढा आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडून टाका. तो राहिला तर साल परत जुळते, मूळ येत नाही. चीक निघतो, तो पुसून घ्या. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस मूठभर गुंडाळा, वर पारदर्शक प्लॅस्टिक, दोन्ही टोकं घट्ट बांधा. चार ते सहा आठवड्यांत मुळं बाहेरून दिसतात. खाली कापून कुंडीत लावा, निम्मी पानं काढा, दोन आठवडे सावलीत. चिकाने त्वचेला खाज येते, हातमोजे घाला.

कोलियस, सेटक्रेसियाला इतका खटाटोप नको. चार इंचांचं टोक पाण्यात ठेवलं तरी आठ-दहा दिवसांत मूळ येतं. कोलियसला दिवस लहान झाले की तुरे येतात, ते दिसताच खुडा. वर्षाने खोड लाकडी होतं, दर वर्षी टोकं नव्याने लावावी लागतात. म्हणून तुमच्या चार वर्षांच्या यादीत मी कोलियस धरलेलं नाही.

औंधकर | १४ मे, सकाळी १०:१५

पावसाळ्यात काय काय बिघडतं तेही लिहून ठेवतो, कारण पुण्यात उन्हाळ्यात वाचलेली झाडं ऑगस्टमध्ये जातात.

मानेशी सड: ॲग्लोनेमा, झानाडू, कॅलेडियम मातीच्या पातळीशी मऊ पडतं, पान ओढलं की सहज हातात येतं. पालापाचोळ्याचं आच्छादन खोडाला टेकलेलं असतं तिथे हमखास. जूनमध्ये आच्छादन खोडापासून तीन इंच दूर ओढा. लागवडीत खोड आधी होतं त्याहून खोल पुरू नका, वाफा बसतो म्हणून बोटभर उंचच ठेवा. ट्रायकोडर्मा (सडीविरुद्धची उपयोगी बुरशी) वापरत असाल तर शेणखतात मिसळून पंधरा दिवस आधी, सड दिसल्यावर नाही.

पानांवर ठिपके: भोवती पिवळी कडा असलेले तपकिरी ठिपके दाटी आणि संततधारेने येतात. पानं काढून वाफ्याबाहेर टाका, उघडीप मिळाली की कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम फवारा. संध्याकाळी वरून झारीने पाणी घालण्याची सवय असेल तर ती सोडा, मुळाशी द्या.

गोगलगायी: अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्यात पसरा, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या सापडतात, त्या मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात टाकू नका, मातीच खराब होते.

उन्हाळ्यातले दोन शत्रू वेगळे. लाल कोळी: पानावर बारीक पिवळसर ठिपके, मागे जाळी. तीन-चार दिवसांनी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा द्या, तीन आठवडे. पिठ्या ढेकूण (मिलीबग): क्रोटनच्या बेचक्यात. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, मग निंबोळी तेल ५ मिली, द्रव साबण १ मिली, एक लिटर पाणी, उन्हं उतरल्यावर, आठवड्यातून एकदा असं तीन आठवडे. मुंग्यांची रांग खोडावर असेल तर आधी तिचा बंदोबस्त, मुंग्याच किडी इकडून तिकडे नेतात. नेच्यावर तेलाचा फवारा मारू नका, पानं करपतात. आणि नेच्याच्या पानामागे रांगेत दिसणारे तपकिरी ठिपके कीड नव्हे, बीजाणूंचे पुंजके असतात. ते खरवडत बसू नका.

अंगणवेल | १४ मे, रात्री ९:०५

काल साडेबाराला काठी रोवली, सावली खरंच नव्हती. जाळीचे हूक या आठवड्यात लावून घेते. दोन शेवटच्या शंका. मोरीच्या पाण्याची एक नळी पश्चिमेला निघते, तिथे सतत ओल असते. आणि घरात दोन वर्षांचं मूल आणि मांजर आहे.

गच्चीवाली | १४ मे, रात्री १०:२०

नळीपाशी काळ्या पानांचं शोभेचं अळू लावा, आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर अळू लावतातच. साबणाचं पाणी चालतं, फिनेल आणि ब्लीचचं नको. कडक उन्हात पान करपतं, म्हणून कर्दळीच्या आडोशाला. वडीच्या अळूशेजारी मात्र लावू नका, कोवळी पानं तोडताना गफलत होते.

मूल आणि मांजर असेल तर यादी थोडी बदला. ॲग्लोनेमा, कॅलेडियम, झानाडू, डिफेनबेकिया, सिंगोनियम आणि हे अळू या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, पान चावलं की तोंड आणि घसा सुजतो. सायकस तर अजिबात नको, त्याच्या बिया फार विषारी. मुलाच्या हाताशी येईल तिथे कॅलाथिया, स्पायडर प्लांट, नेफ्रोलेपिस ठेवा, ती मांजरालाही सुरक्षित. कॅलेडियमच्या कुंड्या तीन फुटांच्या स्टँडवर. उत्तरेच्या पट्ट्यात झानाडूऐवजी पूर्ण रांग नेच्याची केली तरी चालेल, दीड फुटाने २० फुटांत १३ रोपं बसतात.

खुरपं | १५ मे, सकाळी ७:३०

नेच्याची रांग केलीत तर पश्चिमेच्या टोकाला शेवटची दोन रोपं सोडा आणि तिथे स्पायडर प्लांट लावा. दुपारची झळ त्या कोपऱ्यातून आत येते, नेचा तिथे उन्हाळ्यात तग धरत नाही. स्पायडर प्लांटची मुळं मांसल असतात, चार दिवस पाणी चुकलं तरी निभावतं.